पाच किलोमीटरची रेघ

ऑगस्ट लागला की आपल्याकडे घरोघरी एकच विषय असतो : बंदी उठली, आता बांगडा कधी स्वस्त होणार? १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. पुष्कळ मासे याच दिवसांत अंडी घालतात. बंदीचे हे दिवस आपण सुकी मासळी आणि सोलकढीवर निभावून नेतो. पण उरलेल्या दहा महिन्यांसाठीही एक नियम आहे, त्याची चर्चा मला फारशी ऐकू येत नाही.

१९७०च्या दशकात ट्रॉलर किनाऱ्याला खेटून जाळी ओढू लागले, तेव्हा गोव्याचे रापणकार रस्त्यावर उतरले. माथानी साल्ढाणा त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक. त्या लढ्यानंतर १९८०चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्यापासून पाच किलोमीटरपर्यंतचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखला गेला. यांत्रिक बोटींनी त्यापलीकडे जावे.

मग रेघ का ओलांडली जाते? हिशेब साधा आहे. खोल समुद्रात जायचे तर डिझेल, बर्फ, शिधा आणि खलाशांचे अनेक दिवस लागतात. हे खलाशीही बहुतेक ओडिशा, झारखंडकडून घर सोडून आलेले. किनाऱ्याजवळ खर्च कमी. पण तिथेच पिल्ले वाढतात आणि ट्रॉलचे जाळे तळ खरवडत मोठ्यांबरोबर त्यांनाही उचलते. त्यात एलईडी दिव्यांची भर पडली. रात्री झगझगीत उजेड टाकला की मासा गोळा होतो, मग जाळ्यात सगळाच येतो. केंद्राने २०१७ मध्ये त्यावर बंदी घातली, तरी तक्रारी थांबलेल्या नाहीत.

याची झळ आधी रापणकाराला बसते. पहाटेपासून दोर ओढून जाळ्यात मूठभर तारली आली, तर त्याच्या घरी काय शिजणार? त्याची मुले मग दुसरा धंदा शोधतात.

समुद्रावर गस्त घालणे आपल्या हाती नाही. पण बाजारात बोटाएवढे बांगडे स्वस्तात दिसले, तर ते अंडी घालण्याआधीच पकडलेले आहेत, हे ओळखता येते. मी ते घेत नाही आणि नुस्तेकान्नीला कारणही सांगते. तुम्हीही सांगून पाहा. चार गिऱ्हाइकांनी तेच सांगितले, तर तिचा निरोप जेटीपर्यंत जाईल.