हाड जुळले, धसका कोण काढणार?

आपल्याकडे कुणाचा हात-पाय मोडला की घरात दोन गोष्टी हटकून येतात : एक प्लास्टर आणि दुसरी समाचाराला येणारी मंडळी. पहिल्यामुळे हाड जागच्या जागी राहते; दुसरीमुळे माणूस जागचा हलेनासा होतो.

“आमच्या मावशी अशाच पडल्या, त्या पुन्हा उठल्याच नाहीत!” खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धेच्या उशाशी बसून, चहाचे घुटके घेत, हे सांगणारे महाभाग कुणी पाहिले नाहीत? घरची माणसे त्यांच्याहून प्रेमळ, आणि म्हणूनच अधिक घातक. पाण्याचे भांडे हातात देतील, “तू उठू नकोस हं” म्हणून दटावतील आणि वर याला सेवा म्हणतील!

वस्तुतः खुब्याची शस्त्रक्रिया झाली की डॉक्टर बहुधा दुसऱ्याच दिवशी रुग्णाला आधार देऊन उभे करतात. न वापरलेला स्नायू झिजतो, सांधा आखडतो; आणि पेललेल्या भाराप्रमाणे हाडाची घडण होते, हे तर जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ याने १८९२ सालीच मांडून ठेवले आहे.

परंतु ते पाऊल टाकायचे असते भ्यालेल्या मनाने. कळ आली की वाटते, पुन्हा मोडले! मग हालचाल टळते, सांधा अधिक आखडतो, अधिक दुखतो, आणि भीती खरी ठरते. वैद्यकाने १९९० साली हिला ‘कायनेसिओफोबिया’ असे नावही दिले. ही भीती म्हणजे भ्याडपणा नव्हे. दुखापतीचाच तो एक भाग आहे.

म्हणूनच “मन खंबीर ठेवा” हा उपदेशही तितकाच पोकळ. नुसत्या मनोबलाने हाड जुळत नाही. आणि ज्याचे वेळेत जुळले नाही त्याला “तुमची इच्छाशक्तीच कमी” म्हणणे हा निव्वळ निर्दयपणा. १९८१ च्या अपघातात पाय गमावलेल्या सुधा चंद्रन १९८४ मध्ये जयपूर फूट लावून रंगमंचावर नाचल्या. आपण त्यांच्या जिद्दीचे गोडवे गातो. त्या जिद्दीला नव्या पायाची आणि रोजच्या तालमीची जोड होती, हे मात्र सोयीस्करपणे विसरतो.

तेव्हा डॉक्टरांनी एक्स-रेबरोबर कोणती कळ साधी आणि कोणती धोक्याची, हेही समजावून सांगावे. घरच्यांनी, डॉक्टरांनी मुभा दिलेले काम रुग्णाच्या हातून काढून घेऊ नये. यंदा घरात कुणी वॉकर धरून चालत असेल, तर फराळाची बशी त्याच्या पलंगावर नेऊ नका. सर्वांच्या पंक्तीत त्याची खुर्ची मांडा, आणि तो येईपर्यंत थांबा.