गाठीला नाव हवे

२०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात गाईंच्या अंगावर गाठी दिसू लागल्या आणि पाहता पाहता ‘लंपी’ हा शब्द महाराष्ट्राला पाठ झाला. गुरांचे बाजार बंद झाले, बैलगाडा शर्यती थांबल्या, शहरांत दूध प्यावे की नाही यावर घरोघर चर्चा झडल्या. (उकळून खुशाल प्यावे, हा रोग माणसाला होत नाही.) त्या वर्षी देशात दीड लाखाहून अधिक गुरे दगावली. राज्य सरकारने मदत जाहीर केली: दुभत्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार. अर्थात जनावर लंपीनेच मेले, असा दाखला हवा.

या दाखल्याशी माझी जुनी ओळख. बँकेत असताना गाई-म्हशींसाठी पुष्कळ कर्जे दिली. विम्याच्या जनावराच्या कानात बिल्ला असे. जनावर गेले की शेतकरी तो बिल्ला, पुष्कळदा कानासकट, फडक्यात बांधून टेबलावर आणून ठेवी. दाखल्यात मृत्यूचे कारण ‘ताप’ किंवा ‘विषबाधा असावी’ असे लिहिलेले असले, की विमेवाले हटकून खोच काढीत. ‘असावी’ या एका शब्दापायी हप्ते थकलेली घरे मी पाहिली आहेत. म्हणून रोगाचे नेमके नाव शोधणे ही पंडितांची हौस आहे, असे मला कधी वाटले नाही.

लंपीचीच कथा पाहा. १९२९ साली, आज ज्याला झांबिया म्हणतात त्या देशात हा रोग प्रथम नोंदला गेला. गुरांनी काही विषारी खाल्ले असेल, किडा चावला असेल, असा तेव्हाच्या जाणकारांचा कयास. तो संसर्ग आहे हे पटायला १९४० चे दशक उजाडले. तोवर तो दक्षिण आफ्रिकेत घुसला होता आणि तिथल्या साथीत सुमारे ८० लाख गुरे सापडली.

अडचण अशी, की हा विषाणू देवीच्या घराण्यातला. मेंढ्यांची देवी आणि शेळ्यांची देवी ही त्याची सख्खी भावंडे. रक्तातील प्रतिद्रव्ये तपासून तिघांतला फरक कळत नाही. डोळ्यांना तर नुसती गाठ दिसते. इथे उपयोगी पडते ती कोरोनात आपल्या सर्वांच्या नाकापर्यंत पोहोचलेली पीसीआर. लंपीच्या विषाणूची जनुकीय पोथी सुमारे दीड लाख अक्षरांची. तिन्ही भावंडांत जिथे फरक आहे असा छोटा मजकूर निवडायचा आणि गाठीच्या खपलीत तो सापडतो का ते पाहायचे. सापडला तर त्याच्या प्रती निघतात: एकाच्या दोन, दोनाच्या चार, अशा ३० फेऱ्यांत १०७ कोटींवर. नसला तर काहीच वाढत नाही. धनादेशावरची सही नमुन्याशी ताडण्यासारखेच हे काम. फक्त इथे आधी सहीच शोधावी लागते. १९८३ मध्ये ही युक्ती सुचलेल्या कॅरी मुलिस यांना १९९३ चे नोबेल मिळाले.

या तपासणीने बाटलीवरची चिठ्ठीही खोटी ठरवली. मेंढ्या-शेळ्यांच्या देवीवरची म्हणून केनियातून आलेली एक लस वर्षानुवर्षे वापरात होती. तिच्यातल्या विषाणूची जनुके वाचली, तर तो निघाला गाईंचा लंपी! ती टोचलेल्या काही गाईंना रोगच का होई, त्याचा उलगडा तेव्हा झाला. रशियात २०१७ मध्ये आढळलेला विषाणू तर लशींतल्या विषाणूंच्या सरमिसळीतून जन्मलेला.

आपल्याकडे हा रोग २०१९ मध्ये ओडिशात आला. भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने त्याची ओळख पटवली. तो केनियातल्या वाणाच्या जवळचा निघाला. तेव्हाच्या पाहणीत एकही जनावर मेले नव्हते, त्यामुळे फारसे कुणी दचकले नाही. २०२२ चे नमुने बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने वाचले, तेव्हा विषाणूत १,८०० हून अधिक बदल दिसले. मधल्या तीन वर्षांत गावोगावचे नमुने नेमाने वाचले असते तर साथ टळली असती, असे मी म्हणणार नाही. पण ती येताना दिसली असती.

साथीत आपण शेळ्यांच्या देवीची लस टोचली. भावंडाची लस काही संरक्षण देते. हाताशी तीच होती, तेव्हा तो निर्णय रास्तच. रांचीत २०१९ मध्ये मिळालेल्या विषाणूपासून हिस्सार आणि इज्जतनगरच्या संस्थांनी खास लंपीची लस तयार केली. तिची घोषणा ऑगस्ट २०२२ मध्ये झाली, पुण्याच्या सरकारी लसनिर्मिती संस्थेशी करार डिसेंबरात. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका देशी लशीला परवाना मिळाला. लस टोचलेली गाय आणि रोगातून उठलेली गाय यांतला फरक तपासणीत कळावा, अशी सोय तिच्यात आहे. बाजार कधी उघडायचे हे ठरवणाऱ्याला ही सोय मोलाची आहे.

गाईच्या कानातल्या बिल्ल्यावर आता १२ आकडी क्रमांक असतो. तिच्या गाठीवरची खपली मात्र बर्फाच्या डब्यातून दूरच्या प्रयोगशाळेत जाते, आणि उत्तर येईपर्यंत शेजारच्या गोठ्यातल्या माशा काही थांबत नाहीत. निदान जिल्ह्याच्या ठिकाणी तरी हे यंत्र आणि ते चालवणारा माणूस हवा. कोरोनात अशी यंत्रे जिल्ह्याजिल्ह्यांत बसवली गेली. त्यांतली किती आज चालू आहेत आणि त्यांवर जनावरांचे नमुने तपासता येतील का, हे पशुसंवर्धन आणि आरोग्य खात्यांनी एकत्र बसून पुढची साथ येण्याआधी सांगावे.