जुने ते सारेच सोने नव्हे

‘जुने ते सोने’ ही म्हण आपण इतक्या सहजपणे उच्चारतो, की तिच्याविषयी शंका घ्यावी असे कोणाच्या मनातही येत नाही. पण बाजाराचा हिशेब पाहिला तर ही म्हण फार थोड्या ठिकाणी खरी ठरते. स्पोर्ट्‌स मोटारी हे त्याचे एक बोलके उदाहरण होय.

‘घसारा’ हा शब्द वाणिज्य शाखेच्या मित्रांना चांगला परिचयाचा आहे. वापर, झीज आणि नव्या नमुन्यांचे आगमन यांमुळे यंत्राची किंमत वर्षागणिक उतरत जाते, तो घसारा. वेगासाठी बांधलेल्या गाडीच्या वाट्याला तो अधिकच निर्दयपणे येतो. तिचा सारा दिमाख वेगावर. आणि शर्यतीच्या जगात कालच्या विजेत्याला आज कोण विचारतो?

इटलीच्या फेरारी कंपनीने 1962 ते 1964 या काळात ‘250 जीटीओ’ नावाच्या अवघ्या 36 गाड्या बांधल्या. अमेरिकेत तिची किंमत सुमारे 18 हजार डॉलर होती. ओळीने तीन वर्षे तिने आपल्या गटातील विजेतेपद मिळवून दिले. पुढे इंजिन चालकाच्या पाठीमागे असलेल्या गाड्या शर्यतीत आल्या आणि ही कालबाह्य ठरली. यांपैकी एक गाडी तर टेक्सासमधील एका हायस्कूलला देणगी म्हणून देण्यात आली! शाळेने ती काही वर्षांनी साडेसहा हजार डॉलरांना विकली. त्यानंतर ती ओहायोमध्ये अनेक वर्षे उघड्यावर पडून होती. आणि याच जातीची एक गाडी 2018 साली अमेरिकेतील लिलावात 4 कोटी 84 लाख डॉलरांना गेली.

असे आकडे ऐकले की जुनी गाडी म्हणजे जणू बँकेतील ठेवच, असा समज होतो. येथेच फसगत आहे. ब्रिटनमध्ये 1970 च्या दशकात ‘ट्रायम्फ टीआर 7’ ही स्पोर्ट्‌स गाडी निघाली. ती एक लाखाहून अधिक बांधली गेली. तिच्या असंख्य बहिणी भंगारात गेल्या. उरलेल्यांनाही आज तुलनेने बेताचाच भाव येतो. वय साधारण सारखे, पण एकीचे सोने झाले आणि दुसरीचे लोखंडच राहिले. दुर्मिळपणा, शर्यतीतील कीर्ती आणि श्रीमंतांची चढाओढ या तीन गोष्टी जुळून आल्या तरच काळ गाडीवर प्रसन्न होतो. तोही कायमचा नव्हे. 1988 मध्ये एन्झो फेरारी वारले, तेव्हा त्यांच्या गाड्यांचे भाव आकाशाला भिडले होते. 1990 नंतर ते असे कोसळले की, उशिरा शिरलेल्यांचे हात पोळले. शिवाय इतकी वर्षे गाडी राखायची म्हणजे जागा, विमा, दुरुस्ती आणि सुटे भाग यांचा खर्च आलाच. लिलावाच्या बातमीत तो कोणी वजा करीत नाही.

माझ्या मते यातून एक गोष्ट स्पष्ट होते. भाव म्हणजे मागणाऱ्याच्या इच्छेचा त्या दिवसाचा आकडा. उघड्यावर पडलेल्या त्या फेरारीचे बारा सिलिंडर तेव्हाही बाराच होते. कारागिरी तीच होती. बदलले ते मागणारे. उलट भाव चढल्यावर कित्येक गाड्या कुलपाआड गेल्या. धावण्यासाठी जन्मलेले यंत्र ओरखडा पडेल या भीतीने जागेवरून हलू नये, याला मी तिचा सन्मान म्हणणार नाही.

कला शाखेच्या विद्यार्थ्यांना ‘याला बाजारात काय भाव?’ हा प्रश्न घरीदारी ऐकावा लागतो. त्यावर ‘आज नाही, पण उद्या भाव येईल’ असे उत्तर देण्याचा मोह होतो. ते उत्तर देऊ नये. तो भाव कदाचित कधीच येणार नाही. बहुतेक गाड्यांना तो आलेला नाही. तरीही परदेशात आपली टीआर 7 घासूनपुसून चालती ठेवणारे हौशी लोक आहेत. पैसा परत येणार नाही हे त्यांना पक्के ठाऊक असते. गाडी आवडते आणि रस्त्यावर पळते, एवढे त्यांना पुरते. तिजोरीतील फेरारीच्या मालकापेक्षा मला हा माणूस अधिक श्रीमंत वाटतो. आपण ज्ञानेश्वरी वाचावी, इतिहास शिकावा, तो याच माणसाच्या वृत्तीने.