घरानेही आपल्या बगॅसवर चालावे



या पानावर माझ्याकडून आपण बेणे, लागण आणि खोडवा एवढेच वाचत आलात. या वेळचा विषय वेगळा वाटेल, पण त्याचा संबंध ऊसबिलाशीच आहे. बिल जमा झाले की आपल्याकडं कुणाच्या घराचा पाया निघतो, कुणाचा वरचा मजला चढतो. कुरुंदवाड आणि आसपासच्या गावांत घरे सारखी उठत आहेत. ही घरे वीज किती खाणार आणि किती देणार, याचा विचार मात्र स्लॅब पडेपर्यंत कुणी करत नाही.

साखर कारखाना कसा चालतो ते बघा. एक टन उसामागे साधारण 280 ते 300 किलो बगॅस निघतो. तो बॉयलरमध्ये जळतो, वाफ होते, त्या वाफेवर टर्बाइन फिरते आणि तीच वाफ पुढे रस आटवायला लागते. सहवीजनिर्मिती असलेले कारखाने उरलेली वीज विकतातही. जे दारात आहे त्यावर गाडा चालवायचा, हे आपल्याला नवे नाही. घराच्या दारात ऊन आहे. घराने वर्षाकाठी जेवढी वीज वापरली तेवढी छपरावर तयार करावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

हे हवेतले बोलणे नव्हे. दिल्लीत 2014 साली इंदिरा पर्यावरण भवन याच हिशेबाने उभे राहिले. त्यावर 930 किलोवॅटची सौर यंत्रणा आहे. ते सरकारी काम, मोठ्या पैशाचे, असे कुणी म्हणेल. पण पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे डोंगरातले छोटे गाव 2024 साली राज्यातले पहिले सौरग्राम झाले. पाठोपाठ आपल्याच जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यातील शेळकेवाडीने ते करून दाखवले. ती माणसे आपल्यासारखीच शेतकरी आहेत.

मात्र पॅनेल बसवले की काम झाले, असे समजू नका. आधी गळती थांबवायची, मग पाणी वाढवायचे, हा शेतातला नियम इथेही लागू आहे. जुना पंखा 75 वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा 30 वॅटमध्ये तेवढेच वारे देतो. पाच पंखे दिवसाला दहा तास चालले तर रोज सव्वादोन युनिट वाचतात. एक किलोवॅटचे पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देते. म्हणजे नुसते पंखे बदलून अर्ध्या किलोवॅटहून जास्त पॅनेलचा खर्च टळला.

आपल्या जुन्या वाड्यांना जाड भिंती होत्या, मधे चौक होता, छप्पर उंच होते. आता आपण पातळ भिंतीवर स्लॅब टाकतो आणि दुपारी आत भट्टी होते. समोरासमोर खिडक्या, पश्चिमेला सावली आणि स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात, एवढ्यानेही फरक पडतो. छपरावर दक्षिणेची बाजू मोकळी ठेवा. पाण्याची टाकी आणि जिन्याची खोली उत्तरेला घ्या, म्हणजे पॅनेलवर सावली पडणार नाही. एका किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट जागा लागते. हे सगळे नकाशातच ठरवले तर जादा खर्च जवळपास नाही. नंतर टाकी हलवायला गेलात तर गवंड्याचे दिवस मोजावे लागतील.

आपल्या भागाला पुराचा विचार सोडता येत नाही. 2005, 2019 आणि 2021 चे पाणी आपण पाहिले आहे. मीटर, इन्व्हर्टर आणि वायरिंगचा बोर्ड पूररेषेच्या वर, शक्यतो वरच्या मजल्यावर घ्या. आणि विक्रेते सहसा सांगत नाहीत अशी एक गोष्ट ध्यानात ठेवा. साधा ऑनग्रिड संच लाइन गेली की आपोआप बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ती सोय आहे. म्हणजे पुरात लाइट तोडली की छपरावर पॅनेल असूनही घरात अंधार. निदान दोन दिवे, एक पंखा आणि मोबाइल चालेल एवढी बॅटरी व हायब्रिड इन्व्हर्टर हवा. प्रत्येक घराला ते झेपणार नाही, पण जिथे लोक आसऱ्याला जातात त्या शाळेत आणि समाजमंदिरात ते असलेच पाहिजे.

खर्चाचे म्हणाल तर 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटच्या घरगुती संचाला 78,000 रुपये अनुदान ठरले. नियम बदलत असतात, म्हणून अर्जाआधी महावितरणच्या कार्यालयात नेट मीटरिंगची माहिती घ्यावी.

आता ज्यांच्या घरावर पत्रा आहे, जे भाड्याने राहतात, त्यांचे काय? खरा प्रश्न हा आहे. गल्लीत घराला घर चिकटलेले, कुणाला गच्ची आहे, कुणाला नाही. उलट सोसायटीचे गोदाम, दूध संस्था आणि शाळा यांची छपरे रिकामी तापत पडली आहेत. म्हणून हिशेब एका घराचा नको, सगळ्या गल्लीचा धरा. नदीचे पाणी एकट्याच्या रानात कधी चढले नसते. पाणीपुरवठा संस्था काढल्या, पाइप टाकले, तेव्हा इथला माळ हिरवा झाला. उन्हाचेही तसेच करावे लागेल. सोसायट्यांच्या येत्या सभांत हा विषय पत्रिकेवर यावा, आणि तो सभासदांनीच मांडावा.

— ऊस विकास अधिकारी