ऋण काढून पुण्य जोडूं नका

दर वर्षीं २० डिसेंबर आला कीं गांवोगांवीं गाडगेबाबांच्या तसबिरीस हार पडतो आणि पंगती उठतात. १९५६ सालीं याच दिवशीं बाबा गेले. आपण कोणाचे गुरु नाहीं व आपला कोणी शिष्य नाहीं, असें जन्मभर बजावणाऱ्या या पुरुषाची आरती ओवाळून आम्ही त्यांचें कोणतें सांगणें पाळलें, हा आमच्या बांधवांस आमचा रोखठोक सवाल आहे.

बाबांचा जन्म १८७६ सालीं अमरावती जिल्ह्यांत शेणगांव येथें परिटाच्या घरीं झाला. नांव डेबूजी झिंगराजी जानोरकर. बाप दारूपायीं गेला. पोर आईसंगें मामाकडे दापुऱ्यास आला; तेथें त्यानें गुरें राखलीं, नांगर धरला. सावकारी कर्जांत मामाचें शेत गेलें, तें त्यानें डोळ्यांनीं पाहिलें. १९०५ सालीं त्यानें घर सोडलें. पुढें दिवसा हातीं खराटा घेऊन गांव झाडावें आणि रात्रीं कीर्तनांत लोकांस प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर वदवावें, हाच बाबांचा धर्म झाला. सण, लग्न, तेरावें यांसाठीं कर्ज काढूं नका. नवसाला बकरें मारूं नका. दारू व शिवाशीव सोडा. ताट मोडून हातावर भाकरी खावी लागली तरी चालेल, पण पोरास शाळेंत घाला, हें त्यांचें सांगणें. हा वेदान्त नव्हे, हा कुणब्याच्या घरचा जमाखर्च आहे.

कोणी म्हणेल, चार माणसांस जेवूं न घातलें तर जातींत नांव जातें. बाबांसही ही भीति घातली गेली होती. मुलीच्या बारशास दारू-मटण देण्याची जातीची चाल होती. त्यांनीं गोडाचें जेवण घातलें. भाऊबंद रुसले, पण बाबा डगमगले नाहींत.

पूर्वीं आम्ही भटजी व सावकार यांच्या नांवानें बोटें मोडीत असूं, आणि तें रास्तही होतें. परंतु आज मंडप, वाजंत्री व हजार पानांची पंगत कोणता भटजी सांगतो? ती आमचीच आपसांतली चुरस सांगते. आम्ही रोज शाळेचा हजेरीपट पाहणारे आहों. लग्नसराई सरली कीं त्यावरचीं कांहीं नांवें गळतात. बहुधा थोरल्या बहिणीच्या लग्नाचें व्याज धाकटा भाऊ मजुरी करून फेडीत असतो.

१९४९ सालीं बाबांनीं पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवालीं केली. यात्रेकरूंसाठीं बांधलेली वास्तु त्यांनीं विद्येच्या कार्यास दिली, यांत त्यांचें सारें कीर्तन आलें.

तेव्हां बंधुभगिनींनो, या पुण्यतिथीस हार नसला तरी चालेल. त्या रात्रीं घरांत वही घेऊन बसा. सोयरिकीपायीं किती कर्ज झालें आणि पोरांच्या शिक्षणास किती पैसा दिला, हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं मांडा. पहिला मोठा निघाला, तर पुढच्या कार्यांत पंगत आंखूड करा आणि वांचलेला पैसा पोरीच्या शाळेस लावा.