नाण्याला गुण कोणी द्यायचे?

नाणी जमवणारी मुलं बहुतेक प्रत्येक शाळेत सापडतात. आजीच्या डब्यातला भोकाचा पैसा, आजोबांनी जपलेला एक आणा, यात्रेत मिळालेली शिवराई. चार नाणी जमली की घरातून हमखास प्रश्न येतो, "विकलं तर किती येतील?" माझ्या मते हा प्रश्न तिसरा आहे. त्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत : नाणं खरं आहे का, आणि ते कोणत्या स्थितीत आहे? या दोन प्रश्नांची उत्तरं विकणाऱ्याकडून घ्यायची नसतात. व्यावसायिक ग्रेडिंगचं महत्त्व इथेच आहे.

विकणाऱ्याला आपलं नाणं नेहमी 'उत्तम' दिसतं, घेणाऱ्याला तेच 'झिजलेलं' वाटतं. हा वाद मिटवायला काहीतरी मोजपट्टी हवी. अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली १ ते ७० अशी पट्टी मांडली. जुन्या तांब्याच्या सेंटचा सर्वांत झिजलेला नमुना एक डॉलरचा धरला, तर निर्दोष नमुना सत्तर डॉलरचा, असा त्यांचा हिशोब होता. भावाचं हे गणित पुढे मोडलं, आकडे मात्र टिकले. आज ६० ते ७० हे गुण चलनात न फिरलेल्या नाण्यांना मिळतात.

पण नुसती पट्टी असून भागत नाही, ती धरणारा तटस्थ हवा. याच शेल्डन यांनी अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली सरस नाणी काढून त्या जागी कमी दर्जाची ठेवल्याचं पुढे उघड झालं आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. म्हणजे मोठा जाणकार असला तरी तो तटस्थ असेलच असं नाही!

१९८६ मध्ये 'पीसीजीएस' आणि १९८७ मध्ये 'एनजीसी' या अमेरिकी संस्थांनी काम सुरू केलं ते याच गरजेतून. नाणं कोणाचं हे तपासणाऱ्यांना माहीत नसतं. एकाहून जास्त तज्ज्ञ ते पाहतात, गुण ठरतो, मग नाणं क्रमांकासह प्लास्टिकच्या पेटीत बंद होतं. आपण शिक्षक हे सहज समजू शकतो. बोर्डाची उत्तरपत्रिका आपल्याच शाळेत का तपासत नाहीत? कारण तेच.

मग घरातलं प्रत्येक नाणं ग्रेडिंगला पाठवावं का? माझं स्पष्ट मत आहे, नाही. गुण म्हणजे किंमत नव्हे. लाखोंनी पाडलेलं नाणं चकचकीत असलं तरी ते दुर्मीळ होत नाही. शुल्क मात्र प्रत्येक नाण्यामागे द्यावं लागतं, गुण कितीही मिळोत. पेट्याही बनावट निघतात, म्हणून विकत घेताना पेटीवरचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर ताडून पाहावा. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. महागडं नाणं विकत घेताना मात्र तटस्थ तपासणीचा खर्च वाचवू नये.

मुलांसाठी खरी गरज आहे ती स्वतःची नजर तयार होण्याची. आपल्याकडे जुनं तांब्याचं नाणं हाती आलं की आधी चिंच-मीठ लावून घासतात. भांडं चकाकतं, नाण्याचं मात्र कायमचं नुकसान होतं. त्यावरचा तपकिरी थर हा त्याच्या वयाचा पुरावा असतो. घासलेल्या नाण्याला ग्रेडिंग संस्था साधा गुणही देत नाहीत, 'साफ केलेलं' असा शेरा मारतात.

वर्गात एक तास काढा. दहा रुपयांत होईल असा उपक्रम आहे. एक-एक रुपयाची दहा नाणी घ्या, भिंग द्या, नाणं कडेनं धरायला शिकवा. सालाखालची खूण शोधू द्या : हिरा मुंबईचा, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा, खूणच नसेल तर कोलकात्याचं. मग प्रत्येकानं दहाही नाण्यांना झिजेनुसार गुण द्यायचे, शेजाऱ्याला न दाखवता. गुण जुळले नाहीत की "का?" विचारायचं. अक्षरं कुठे पुसली, कडा कुठे दबली, हे मुलं आपणहून बोलू लागतात.

अशी नजर असलेलं मूल "जुनं नाणं द्या, लाखो रुपये मिळवा" अशा जाहिरातीला सहज भुलणार नाही. या जाहिरातींत रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून शुल्क उकळलं जात होतं. अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही, असं बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर करावं लागलं. पालकहो, मुलानं नाणं दाखवलं की भाव विचारण्याआधी भिंग हातात द्या आणि विचारा, "तू याला किती गुण देशील?"