सायकलचे चित्र : किंमत आणि मोल

कागदावर शाई उमटली की त्या कागदाची किंमत किती वाढते, हे देवासकराला कोणी सांगावयास नको. १९७४-७५ च्या सुमारास येथे बँक नोट प्रेस उभी राहिली, तेव्हापासून हे आपल्या गावाचे नित्याचे काम होऊन बसले आहे. नोटेची गोष्ट एका अर्थी सोपी. तिची किंमत तिच्याच अंगावर छापलेली असते आणि ती देण्याचे वचन रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर स्वतःच्या सहीने देतात. भिंतीवर लावावयाच्या छापील चित्राला असा कोणी जामीन नाही. त्याच्या अंगावर आकडा नसतो. आकडा दुकानदाराच्या तोंडी असतो.

हा विषय आज काढण्याचे कारण असे की, गेली काही वर्षे सायकलच्या चित्रांची मोठी हौस निर्माण झाली आहे. मिशीवाला फ्रेंच स्वार, उडता स्कार्फ घेतलेली युवती, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या जाहिरातीची अक्षरे, असा सगळा थाट काळ्या चौकटीत बसवून इंदूरच्या दुकानांतून आणि घरबसल्या मागवूनही मिळतो. आपल्या शाळेच्या चित्रकलेच्या दालनात एक लांबच लांब भिंत रिकामी आहे. तिच्यासाठी अशी चार चित्रे घ्यावीत, अशी सूचना पालकांकडून आली. एका चित्राचे साडेतीन हजार रुपये. म्हणजे चौदा हजार. सूचना सद्भावनेची आहे, यात शंका नाही. तरीही माझे मत तिच्या विरुद्ध आहे आणि ते सकारण मांडावे, म्हणून हा लेख.

त्या चार चित्रांपैकी एकाची कथा विद्यार्थ्यांनी मुद्दाम ऐकावी. १८९६ साली लंडनजवळ कॅटफर्ड येथे सायकलच्या शर्यती झाल्या. सिम्पसन नावाच्या गृहस्थाने एक नव्या तऱ्हेची साखळी काढली होती. तिच्यामुळे सायकल अधिक वेगाने धावते असा त्याचा दावा होता आणि तो सिद्ध करण्यासाठीच या शर्यती भरविल्या होत्या. पॅरिसमधील चित्रकार तुलूझ-लोत्रेक त्या मंडळींबरोबर लंडनला गेला. शर्यतींचा त्याला नाद होता. साखळीच्या विक्रेत्यासाठी त्याने प्रथम जिमी मायकेल या वेल्श स्वाराचे चित्र काढले. मायकेल दातांत काडी धरून सायकल चालवीत असे. ती काडीसुद्धा चित्रात आहे. परंतु विक्रेत्याने ते नापसंत केले. का, तर सायकलचे यंत्र त्यात नीट उतरले नव्हते! साखळी विकणाऱ्याला साखळीच बरोबर हवी, त्याचेही चुकले असे कसे म्हणावे? लोत्रेकने त्या नापास चित्राच्या काही प्रती पदरच्या पैशाने छापून घेतल्या आणि जाहिरातीसाठी दुसरे चित्र केले. तांबड्या, पिवळ्या आणि निळ्या रंगांतले ते 'सिम्पसन साखळी'चे भित्तिपत्रक आज जगभर ओळखले जाते.

पुढे काय झाले पाहा. सिम्पसनची साखळी काही वर्षांतच नाहीशी झाली. तिचा दावा टिकला नाही. भित्तिपत्रक मात्र राहिले. ते रस्त्यावरच्या भिंतीला खळीने चिकटविण्यासाठी जन्मले होते. पाऊस आला की ओघळावे आणि दुसरे आले की त्याखाली झाकले जावे, एवढेच त्याचे आयुष्य. परंतु त्या काळच्या पॅरिसमध्ये भित्तिपत्रकांचे शौकीन होते, सागो नावाच्या व्यापाऱ्याकडे ती विकतही मिळत. जी पत्रके अशी कोणाच्या पेटीत पडून राहिली तेवढीच वाचली, आणि आज लिलावात त्यांना लाखो रुपये पडतात. वर ज्या चित्रात सायकल चुकली म्हणून ते नाकारले गेले, त्याच्याही मागे संग्राहक धावतात. तेव्हा हे लाखो रुपये कशाचे? सायकलचे नव्हेत, साखळीचे तर नव्हेतच. चित्राच्या गुणाचे काही असतील. पण पुष्कळसे दुर्मिळतेचे आहेत. नोटांचे शौकीन चुकून वेडीवाकडी छापली गेलेली नोट तिच्या अंगावरील आकड्याच्या कितीतरी पट देऊन घेतात, तोच न्याय येथे लागू.

आता आपल्याला साडेतीन हजारांना जे दाखविले जाते ते काय आहे? लोत्रेकने दगडावर काढले, तेथून ते कागदावर आले. शिळाछापाची ही युक्ती सेनेफेल्डर नावाच्या जर्मन माणसाने अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधून काढली. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढावयाचे आणि दगड ओला करावयाचा. पाणी तेलकट रेषेवर थांबत नाही आणि तेलकट शाई ओल्या दगडावर थांबत नाही. म्हणून शाई फक्त रेषेवर बसते. रंग तितके दगड. प्रत्येक प्रतीला दगडाचा प्रत्यक्ष स्पर्श झालेला असतो. याला मुद्राचित्र म्हणावयाचे. दुकानात मिळते ते त्या मुद्राचित्राच्या छायाचित्राची यंत्रावर छापलेली नक्कल होय. दोहोंनाही 'प्रिंट' हाच शब्द लावतात आणि घोटाळा तेथेच सुरू होतो.

शाळेच्या प्रयोगशाळेतील भिंग आणून पाहा. ऑफसेटच्या छपाईत रंगीत टिंबांच्या शिस्तीने मांडलेल्या ओळी दिसतील. संगणकाला जोडलेल्या यंत्राच्या छपाईत शाईचे बारीक तुषार दिसतील. शिळाछापात मात्र खडूचा अनियमित, खरखरीत कण दिसेल. मग शंभराची किंवा पाचशेची नोट घेऊन गांधीजींच्या चित्रावरून हलकेच बोट फिरवा. शाई किंचित उठून लागते. धातूच्या पत्र्यावरील कोरलेल्या रेषांत शाई भरून, जबर दाबाने ती कागदावर उचलून घेतलेली असते. रेम्ब्रांटसारख्या थोर चित्रकाराने ताम्रपटावरून जी चित्रे छापली, त्यांचे आणि आपल्या खिशातील नोटेचे गोत्र एकच! देवासच्या मुलांना मुद्राचित्र शिकवावयास परदेशी ग्रंथाची गरज नाही, असे मला नेहमी वाटत आले आहे.

एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. छापील म्हणजे हलके, असे मला म्हणावयाचे नाही. पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा काढली. राजा रविवर्मा यांनी १८९४ च्या सुमारास मुंबईत छापखाना घातला आणि तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. या छापखान्यांनी देवदेवता आणि पुराणातील प्रसंग सामान्य माणसाच्या भिंतीवर आणून लावले. ज्यांच्या घरी तैलचित्र येणे सात जन्मांत शक्य नव्हते, त्यांच्या घरी लक्ष्मी-सरस्वती आल्या. आमच्या आज्यांनी त्या चित्रांवर जर आणि टिकल्या शिवल्या. त्या चित्राची किंमत थोडी होती आणि मोल फार होते. त्याच्या हजारो प्रती निघाल्या म्हणून त्या घराला त्याचे मोल कमी वाटले नाही. धारच्या मुलांना हे आणखी सोप्या रीतीने कळेल. मुंबईच्या चौपाटीवरील लोकमान्यांचा पुतळा घडविणारे शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके यांनी आयुष्याची पुढची कितीतरी वर्षे धारला काढली. १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शिल्पकाराच्या साच्यातून एकाऐवजी दोन ओतकामे निघाली, तर दुसऱ्याला कोणी खोटे म्हणत नाही. प्रती अनेक असणे हा दोष नव्हे. नकलेला मुळाचा भाव लावणे हा दोष आहे.

लोत्रेक १९०१ साली वारला. चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे लोटली की आपल्याकडील कायद्याने त्याचे चित्र कोणीही छापावे. कोणाला एक पैसा द्यावा लागत नाही. म्हणजे त्या साडेतीन हजारांत चित्रकाराचा वाटा शून्य. कागद, शाई, लाकूड, काच आणि दुकानदाराचा नफा, बस्स. मुलांनी जगातील थोर चित्रे पाहिलीच पाहिजेत, हे सूचना करणाऱ्या पालकांचे म्हणणे मला सर्वस्वी मान्य आहे. मग ती ग्रंथालयातील पुस्तकात दाखवावी, किंवा स्वच्छ कागदावर छापून टाचणीने लावावी. नकलेला नकलेचा खर्च करावा.

आणि सायकलच हवी असेल, तर ती कोणाची? मी गोव्याकडचा, मला सायकल म्हटली की पोदेर आठवतो. मागे पावाची मोठी टोपली, हाती भोंगा, आणि त्या भोंग्याच्या 'पों-पों'ने जागा होणारा वाडा. लोटलीचे मारियो मिरांडा (१९२६–२०११) यांनी गोव्याची जी असंख्य माणसे रेखाटली त्यांत हा पोदेरही आहे. त्यांच्या चित्रांच्या छापील प्रती आज गोव्यात विकत मिळतात. त्यांतली एखादी मी आनंदाने घेईन, कारण तीत काय बरोबर आहे हे मला माझ्या डोळ्यांनी सांगता येते. तसे पॅरिसच्या स्वाराविषयी आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

माळव्याची सायकल निराळी आहे. दोन्ही बाजूंना दुधाच्या कोठ्या अडकवून पहाटे शहरात शिरणारा दूधवाला, सायकल उभ्या जागी स्टँडवर चढवून, पायडल मारीत सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा (त्याला धारचाच म्हणावे काय?); टेकडीच्या चढावर उतरून हाताने सायकल ढकलणारी आपलीच मुले. यांचे चित्र मी अजून कोणाच्या भिंतीवर पाहिलेले नाही. आपल्या घरात सायकलचे चित्र असेल तर ते बहुधा देवघरात, उदबत्तीच्या पुड्यावर. आणि उदबत्ती संपली की तेही केरात.

म्हणून माझी प्रतिसूचना अशी आहे. चौदा हजारांत लिनोलियमचे तुकडे, कोरण्याच्या पटाश्या, रोलर, शाई आणि बरा कागद एका वर्गाला पुरेल इतका येऊन पैसे उरतील. यंत्र लागत नाही; कागदाच्या पाठीवर चमचा घासला तरी छाप उत्तम उठतो. आठवी-नववीच्या मुलांनी आधी महिनाभर सायकली पाहाव्यात. साखळी कोणत्या चाकावरून कोठे जाते, दूधवाल्याचा गुडघा कोणत्या कोनात वळतो, हे वहीत उतरवावे आणि मग कोरावे. उलटे कोरल्याशिवाय सुलटे उमटत नाही, हा धडा पहिल्याच दिवशी मिळेल. एखाद्याच्या चित्रात दुकानाची पाटी उलटी येईल, ती तशीच ठेवावी. प्रत्येक चित्राच्या पंचवीस प्रती काढून खाली पेन्सिलीने क्रमांक आणि सही घालावी. दोन प्रती त्या लांब भिंतीसाठी ठेवून बाकीच्या स्नेहसंमेलनात विकाव्यात. किंमत मुलांनीच ठरवावी, पण ती का ठरविली हे विचारणाऱ्याला सांगता आले पाहिजे. कागदाचे इतके, शाईचे इतके, आणि माझ्या हाताचे इतके.

एक प्रश्न उरतो. व्यावसायिक चित्रकार ठरलेल्या प्रती काढून झाल्या की ठोकळ्यावर चरा मारून तो बाद करतात, म्हणजे पुढे प्रत निघत नाही आणि घेणाऱ्याचा भाव टिकतो. माझ्या मते आपण तसे करू नये. दूधवाल्याने स्वतःचे चित्र मागितले तर त्याला सव्विसावी प्रत देता आली पाहिजे. परंतु हा निर्णय शिक्षकांनी घ्यावयाचा नाही. ज्या मुलाने तो ठोकळा कोरला असेल, त्याला विचारावे.